पातेलं कोणाच्या हवाली

मॉन्टसेराट बेटावर पदार्थांची नावं कोणी ठेवली ते सांगता येत नाही, पण ज्याने ठेवली त्याला जेवायला बोलावलेलं नसावं. माउंटन चिकन, म्हणजे डोंगरातली कोंबडी मागवावी, तर ताटात बेडकाच्या तंगड्या येतात. बेक नावाचा जो प्रकार न्याहारीला मिळतो त्याने भट्टीचं तोंडही पाहिलेलं नसतं. तो सरळ कढईतल्या तेलातून येतो. डकनामध्ये बदक नसतं, रताळं आणि खोबरं असतं, पानात बांधून उकडलेलं. आणि गोट वॉटर, म्हणजे बकऱ्याचं पाणी, हे लग्नाला, बारशाला आणि मयताला लागणारं असं पाणी आहे की त्यात चमचा टाकला तर तो बुडायच्या आधी थोडा विचार करतो. बेटावरच्या लोकांची याबद्दल काही तक्रार नाही. त्यांना नाव ऐकून भूक लागत नाही, वास आला की लागते.

घोटाळा होतो तो बाहेरून येणाऱ्यांचा. नवे रेव्हरंड ह्यूज इंग्लंडहून येऊन उतरले त्याच आठवड्यात एका बारशाला कोणीतरी त्यांना विचारलं, थोडं गोट वॉटर घेणार का? रेव्हरंड नम्रपणे म्हणाले, "नको, आत्ता तहान नाही." ही गोष्ट कडजो हेड गावाने इतकी जिवापाड जपली की हल्ली रेव्हरंडना खरोखर तहान लागली तरी ते चारचौघांत बोलत नाहीत.

त्या बारशाचं पाणी जोथम फॅरेलने केलं होतं. गावातलं कुठलंही पाणी जोथमच करी. बोकडच हवा, शेळी चालत नाही, आणि मेंढीचं तर त्याच्यासमोर नावही काढायचं नाही. हाडासकट लहान तुकडे, लिंबाच्या पाण्यात धुतलेले. थाइम, मरवा, पातीचा कांदा, लसूण, लवंगा, जायपत्री, आणि एक अख्खी लाल मिरची, जिला पोहू द्यायचं पण फुटू द्यायचं नाही. उघड्यावर तीन दगडांची चूल, लाकडाचा जाळ. मांस हाडाला कंटाळलं की मग शेवटी भाजलेलं पीठ पाण्यात कालवून ओतायचं आणि तिथून पुढे हात थांबवायचा नाही, कारण पीठ एकदा तळाशी बसलं की सगळं पातेलं करपवतं. पिठाच्या मागून रम. सोबत पाव. एवढंच. समुद्रापलीकडच्या नेव्हिस बेटावर याच नावाखाली जे करतात त्यात कच्ची पपई, नीरफणस आणि कणकेचे गोळे सोडतात हे जोथमला ठाऊक होतं. त्याबद्दल तो वाईट बोलत नसे. "ते सूप आहे," एवढंच म्हणे. "आजाऱ्याला द्यावं."

गोट वॉटर करणं हे पुरुषांचं काम, आणि त्यातला पहिला नियम असा की दुसऱ्याच्या पातेल्यात ढवळायचा दांडा घालायचा नाही. मालकाने सांगितल्याशिवाय झाकणसुद्धा उचलायचं नाही. माणसाच्या खिशात हात घातलेला एक वेळ चालेल. या नियमामुळे जोथमचा दरारा होता, आणि याच नियमामुळे त्याने उभ्या आयुष्यात एकही लग्न धड पाहिलं नव्हतं. गावातली दोन पिढ्यांची लग्नं लागली तेव्हा तो चर्चच्या मागच्या अंगणात धुरात उभा होता. स्वतःच्या लग्नातही तो उशिरा आत आला आणि 'हो' म्हणून लगेच बाहेर गेला, असं त्याची बायको इस्मे सांगते. तिच्या हिशेबाने पातेलं थोरली आणि ती धाकटी.

तिच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. डोंगराने राख ओकली आणि दक्षिणेकडची गावं रिकामी करावी लागली तेव्हा ट्रकमध्ये फॅरेल कुटुंबाच्या वाट्याला जी जागा आली तिच्यात जोथमने आधी पातेलं चढवलं. "आणि माझं कपाट?" असं इस्मेने विचारल्यावर त्याने चार वर्षांच्या डेल्सियाला उचलून पातेल्यात बसवलं आणि म्हणाला, "जागा फुकट नाही गेली."

ती डेल्सिया आता नेव्हिसच्या इस्पितळात नर्स होती आणि तिथल्याच टेव्हिन लिबर्ड नावाच्या मुलाशी लग्न करत होती. लग्न मुलीच्या गावी. पाणी अर्थातच जोथमचं. लग्नाला आठवडा राहिला असताना डेल्सिया घरी आली, आणि स्वयंपाकघरात बसून चहा पिता पिता तिने तो विषय काढला जो तोपर्यंत कोणी काढला नव्हता.

"डॅडी, मला आत तू घेऊन जाणार ना?"

"आत म्हणजे?"

"चर्चमध्ये. हात धरून."

"दारापर्यंत येतो की. पुढे तुझा मामा आहे."

"मामाला तीन मुली आहेत. त्याचं पोट भरलंय."

"बोकड चुलीवर असेल त्या वेळेला."

"मिस्टर फॅरेल," इस्मे म्हणाली. नवऱ्याला ती मिस्टर म्हणू लागली की मांजरसुद्धा बाहेर जायचं. "गावातले सगळे बाप आपापल्या पोरींना घेऊन आत गेले ते कोणाच्या जिवावर? तुम्ही बाहेर होतात म्हणून. आता तुम्ही आत जायचं."

"आणि बाहेर कोण? मोझेस?"

"काय वाईट आहे मोझेस?"

"पातेल्यात जायची रम मोझेसमध्ये जाईल."

"मग माझा भाऊ."

"तो बोलतो. बोलणाऱ्या माणसाच्या हाताकडे लक्ष नसतं."

"मग मी."

"तू पोरीची आई. तुला आतच बसायचंय."

"आणि नसते आई तर?"

सरपण वाळलंय का ते बघून येतो, असं म्हणून जोथम उठला. डेल्सियाने त्याची बाही धरून त्याला परत खाली बसवलं.

"अंकल एग्बर्ट आहेत," ती म्हणाली. "टेव्हिनचे काका. तिकडे सगळ्या लग्नांचं पाणी तेच करतात. ते थांबतो म्हणालेत."

"ते गोळे टाकतात."

"तुझ्या पातेल्यात कशाला टाकतील?"

"गोळे टाकणारा माणूस स्वस्थ बसत नाही. त्याला खाज असते."

"दोन वर्षं खातेय मी तिकडचं, डॅडी. वाईट नसतात गोळे."

जोथमने कप खाली ठेवला. मुलगी समुद्रापलीकडे जाणार हे त्याने पचवलं होतं. बोट असते, फोन असतो. पण तिथे बसून ती दर शनिवारी गोळ्यांच्या सुपाचा वाडगा पुढे ओढणार, त्याला बिनदिक्कत गोट वॉटर म्हणणार, आणि आणखी काही वर्षांनी तिच्या पोराबाळांना वाटणार की हेच ते, हे त्याला आत्ता पहिल्यांदा दिसलं. त्याच्या घरून निघताना तिच्या पोटात शेवटचं जे जाईल ते असं झालं पाहिजे की तिकडच्या सगळ्या वाडग्यांना ते पुरून उरलं पाहिजे. आणि नेमकं तेच पातेलं नेव्हिसच्या माणसाकडे सोपवायचं. नाही सोपवलं, तर मुलगी मामाचा हात धरून आत जाणार.

"बघू," तो म्हणाला. इस्मेने त्याचा कोट उन्हात टाकला.

गुरुवारच्या बोटीने वऱ्हाड आलं. एग्बर्ट लिबर्ड हे उंच, वाळके, काळी हॅट घालणारे गृहस्थ निघाले. इतके सभ्य की त्यांच्याशी भांडायला सुरुवात कुठून करावी तेच कळेना. त्यांनी आल्याआल्या हात मागे बांधून पातेल्याभोवती एक फेरी मारली.

"चांगलं आहे," ते म्हणाले.

"हो."

"तळ जाड आहे."

"हो."

"आमच्याकडे आम्ही..."

"माहीत आहे," जोथम म्हणाला.

एग्बर्टनी मान डोलावली. मग जरा वेळाने म्हणाले, "शनिवारी मी आत जाणार नाही. मला बाहेरची सवय आहे. आत गेलो की झोप येते."

"पुतण्याचं लग्न आहे तुमच्या."

"तुमच्या तर मुलीचं आहे, मिस्टर फॅरेल."

भला माणूस होता, आणि त्यामुळेच त्याच्यावर नजर ठेवणं अवघड होतं.

शनिवारी उजाडताच चूल पेटली. एग्बर्ट जवळच एका उपड्या खोक्यावर बसले, मागितलं ते दिलं, न मागितलेलं काही बोलले नाहीत. मांस शिजत आलं, मिरची अखंड होती, वारा समुद्राकडून होता. सगळं जसं हवं तसं होतं. फक्त पीठ राहिलं होतं.

पीठ शेवटी पडतं. हे जोथम गेली कित्येक वर्षं ऐकेल त्याला सांगत आला होता. पण पीठ शेवटी टाकायचं म्हणजे ते चर्चमधून परत आल्यावर टाकायचं, म्हणजे तोवर ते तिथेच वाडग्यात पडून राहणार, आणि त्याच्या शेजारी एक नेव्हिसचा माणूस. पीठ, पाणी आणि नेव्हिसचा माणूस एकत्र सोडले की त्यातून काय तयार होतं हे सांगायला कोणी शहाणा लागत नाही. जोथमने वाडगा उचलला, सगळं पीठ कालवलं आणि ओतून टाकलं. रम ओतली. खूप वेळ ढवळलं. जाळ कमी केला. एग्बर्टच्या भुवया किंचित वर गेल्या आणि खाली आल्या.

"जाळ कमी वाटला तर लाकूड आत सारा," जोथम म्हणाला. "जास्त वाटला तर बाहेर ओढा. पातेल्याला हात लावायचा नाही."

"आणि ढवळायचं?"

"पातेल्याला हात लावायचा नाही."

एग्बर्टनी हॅट काढली, आत बघितलं, परत घातली. "तुमचं पातेलं," ते म्हणाले.

जोथमने दांडा झाकणावर आडवा ठेवला, म्हणजे कुलूपच लावलं, आणि तो कपडे बदलायला गेला.

चर्चमध्ये मुलीला घेऊन चालायचं कसं याची तालीम शुक्रवारी झाली होती, पण शुक्रवारी जोथम बोकड सोलत होता. त्यामुळे तो जरा भरभर चालला. डेल्सियाने त्याचा दंड मागे ओढून त्याला दोनदा आवरलं. रेव्हरंडनी कन्यादानाच्या वेळी 'या मुलीला कोण' एवढं म्हणताच तो "मी" म्हणाला, आणि रेव्हरंडना उरलेला प्रश्न त्याच्या उत्तरानंतर विचारावा लागला. मग त्याला इस्मेजवळ पहिल्या बाकावर बसवण्यात आलं. त्याचं काम संपलं होतं.

खिडक्यांच्या पट्ट्या उघड्या होत्या. आधी थाइम आलं. मग लवंग, जायपत्री. जोथमने पाठ टेकली. प्रार्थना झाली. रेव्हरंड प्रवचनाला उभे राहिले आणि त्यांनी लग्नात पाण्याचा द्राक्षरस झाला ती बायबलातली गोष्ट काढली. लग्नघरी पाहुणे आहेत, पाणी पाण्यासारखं पाणी आहे, आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना त्या पाण्याचं काहीतरी वेगळंच होऊ लागतं, असं ते मोठ्या तन्मयतेने सांगत होते, तेव्हा पट्ट्यांमधून भाजल्या पिठाचा वास आला. खमंग होता. जरा जास्तच खमंग होता. खमंग आणि करपट यांच्यामधलं अंतर जोथमला नाकाने मोजता यायचं, आणि ते कमी होत चाललं होतं.

त्याने इकडे तिकडे पाहिलं. गावातलं प्रत्येक नाक वर होतं. नेव्हिसकडची मंडळी गोष्ट ऐकत होती. कडजो हेड हुंगत होतं. त्याच्या बाकाच्या टोकाला बसलेल्या ओफीलिया टीचरनी, ज्यांनी अर्ध्या गावाला पाढे शिकवले होते, आपली पर्स मांडीवर घेतली आणि गुडघे बाजूला केले. त्यांच्या शेजारच्याने केले. जोथमच्या बाकावर सगळ्यांनी पाय आखडून वाट करून दिली. हे चर्चमध्ये आग लागल्यावर करतात किंवा पातेलं लागल्यावर. मोझेस तर उठून बाजूचं दार उघडून उभा राहिला, त्यामुळे वास दुप्पट आला.

जोथमने गुडघ्यांवर हात ठेवले. बाजूच्या दारातून बाहेर, अंगण ओलांडून, दांडा उचलायचा. रेव्हरंडचा द्राक्षरस व्हायच्या आत तो तळ मोकळा करून आला असता. कोणी नाव ठेवलं नसतं. उलट न उठला तर ठेवणार होते.

"जा," इस्मे कुजबुजली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. मिस्टर नव्हतं, टोमणा नव्हता.

"जा, जोथम. मी तिला सांगेन. तिला माहीत आहे तू कसा आहेस ते."

तिने टोमणा मारला असता तर तो गेलाच असता. पण हे ऐकल्यावर त्याचे हात गुडघ्यांवर तसेच राहिले. समोर डेल्सिया पाठमोरी उभी होती. तिचे खांदे अगदी ताठ होते, इतके ताठ की तिला आता कोणी हाक मारली असती तर ती दचकली असती.

जोथम मागे टेकून बसला. लोकांनी आणखी थोडा वेळ पाय आखडून धरले, मग एकेकाने सैल सोडले. मोझेसने दार लावलं. जोथमने पुढे बघायला सुरुवात केली.

सगळं आटोपल्यावर माणसं नवरानवरीवर तांदूळ उडवायला पुढच्या दारी जमली, आणि जोथम मागच्या दाराने उतरला. एग्बर्ट चुलीपाशी हॅट हातात घेऊन उभे होते, जसं कोणाच्या घरी मयत झाल्यावर उभं राहतात. सगळी लाकडं ओढून दूर फेकलेली होती आणि त्यांच्यावर पाणी मारलेलं होतं. झाकणावर दांडा जिथल्या तिथे आडवा.

"तळाला लागलं," एग्बर्ट म्हणाले.

"हो."

"मला कळत होतं."

"हो."

"तुम्ही हात लावू नका म्हणालात."

"म्हणालो होतो."

"मी दांडा दोनदा उचलला, मिस्टर फॅरेल. दोनदा परत ठेवला. लाकडं ओढायची परवानगी होती, ती ओढली. सगळी." त्यांनी हॅट या हातातून त्या हातात घेतली. "दुसऱ्या कोणाचं पातेलं असतं तर ढवळलं असतं हो. तुमचं होतं म्हणून नाही ढवळलं."

जोथमने झाकण उचललं. खरं तर त्याला रागवायचं होतं, आणि रागवायला समोर एकच माणूस होता, आणि त्याने सांगितलं ते तंतोतंत केलं होतं. पीठ कोणी लवकर टाकलं, आणि कशासाठी टाकलं, हे दोघांनाही माहीत होतं. एग्बर्ट ते बोलले नाहीत. हा त्यांचा सभ्यपणा जोथमला सगळ्यात जास्त झोंबला.

तळ खरवडायचा नसतो. खरवडला की करपलेलं वर येतं. दोघांनी मिळून वरचं सगळं डावाने अलगद उपसून पत्र्याच्या डब्यांत काढलं, तळाशी काळा थर तसाच ठेवून. जोथमने चव घेतली. एग्बर्टनी, विचारून, चव घेतली. दोघे समुद्राकडे बघत राहिले.

"अजून आहे," जोथम म्हणाला.

"आहे."

"हे खेचून घ्यायला काहीतरी कच्चं लागेल आत. मऊ. पिठाचं असं."

"लागेल."

पुढच्या बाजूने टाळ्या आल्या. पाहुणे आता कुठल्याही क्षणी अंगणात उतरणार होते.

"तुमच्याकडे," जोथम म्हणाला आणि थांबला. "ते आहेत का?"

"काय?"

"ते. तुमचं ते."

"गोळे?"

"हां. तेच."

एग्बर्टनी हॅट डोक्यावर घातली. त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसलं नाही, आणि यासाठी जोथमने त्यांना पुढे जन्मभर मान दिला. "कणीक गाडीत आहे," ते म्हणाले. "माझ्या बायकोने सकाळी मळून दिली होती. मी नको म्हणत होतो."

दुसरं पातेलं चढलं, जाळ झाला. एग्बर्ट तळहातावर कणीक वळत होते, लांबट, बोटाएवढे, आणि जोथम ते सोडत होता. पहिला सोडताना त्याने आजूबाजूला पाहिलं. नंतर पाहिलं नाही. गोळे वर तरंगून आल्यावर पुन्हा चव घेतली. करपट चव बरीचशी गेली होती. थोडी राहिली होती, धुरासारखी, घशाच्या मागे.

पत्र्याचे मग भरले गेले, पाव वाटले गेले. जोथम डाव हातात घेऊन लोकांची तोंडं बघत उभा राहिला. कडजो हेडच्या लोकांनी मगात तरंगणारा गोळा पाहिला, एकमेकांकडे पाहिलं, आणि समजुतीने माना हलवल्या: व्याह्यांसाठी नेव्हिसच्या पद्धतीचं केलंय, तिकडे असंच जरा करपवतात वाटतं. जोथमचं मन मोठं. नेव्हिसच्या लोकांनी धुराची चव घेतली, एकमेकांकडे पाहिलं, आणि त्यांचंही ठरलं: इथली पद्धत दिसतेय. आमच्यासाठी गोळे टाकले, पण चव आपली सोडली नाही. बाणेदार लोक. अशा रीतीने ते पाणी कोणाचंच नव्हतं आणि कोणी कोणाला नाव ठेवलं नाही. रेव्हरंड ह्यूज आपणहून दुसऱ्यांदा मग घेऊन आले, तेव्हा रांगेतून कोणीतरी, "तहान लागली वाटतं," म्हणालंच.

फक्त ओफीलिया टीचर डावापाशी येऊन थांबल्या. "जोथम, याला काय म्हणायचं?"

"गोट वॉटर, टीचर."

"मी तुझी टीचर होते. खोटं बोलताना तुझा डावा कान हलतो." त्यांनी एक घोट घेतला, तोंडातल्या तोंडात तपासला, आणि आणखी एक घेतला. "चर्चमध्ये मी तुझ्यासाठी पाय बाजूला घेतले होते."

"पाहिलं मी."

"बरं झालं नाही गेलास," असं म्हणून त्या गोळा चावत निघून गेल्या.

एग्बर्टची बायको येऊन विचारून गेली की हा धुराचा वास नेमका कशाने येतो. जोथमने सांगितलं, तो चर्चमध्ये बसल्याने येतो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, आमचे हे पण असेच, खरं कधी सांगत नाहीत.

उन्हं कलली तेव्हा डेल्सिया आली. पांढऱ्या झग्याचा घेर एका हातात गोळा करून ती चुलीच्या दगडावर बसणार होती. जोथमने घाईघाईने स्वतःचा कोट काढून दगडावर अंथरला. तिने हातातला मग पुढे केला. त्याने भरला, आणि भरताना गोळे डावाने बाजूला सारले.

"टाक की गोळे."

"तुला हे असं द्यायचं नव्हतं," तो म्हणाला. "तुला जे द्यायचं होतं ते सकाळी झालं होतं. तयार होतं. तू खायला हवं होतंस."

"मला पण वास आला, डॅडी."

"कधी?"

"तुझ्या आधी. मी वाऱ्याच्या बाजूला होते." तिने मगावर फुंकर मारली. "मी तुझ्या बुटांचा आवाज ऐकत होते. म्हटलं आता उठेल. आता उठेल. रेव्हरंड काय बोलत होते त्यातलं मला एक अक्षर सांगता येणार नाही."

"बूट नवे आहेत. चावतात."

"म्हणून नाही उठलास?"

"म्हणूनच."

ती प्यायली. रिकामा मग तिने पुन्हा पुढे केला. "तिकडे जे करतात त्याला मी गोट वॉटर म्हणणार नाही," ती म्हणाली. "कोणासमोरच नाही."

"मग काय म्हणशील?"

"एग्बर्ट अंकलचं सूप."

"त्यांच्या तोंडावर नको म्हणूस. सभ्य माणूस आहे," जोथम म्हणाला, आणि या खेपेला त्याने गोळे बाजूला न सारता डाव घातला.

तिला टेव्हिन नाचायला बोलावून घेऊन गेला. अंगण हळूहळू पुढच्या हॉलकडे रिकामं झालं. मागे ते मोठं पातेलं राहिलं, तळाशी डांबरासारखा थर घेऊन. जोथमने त्यात पाणी ओतलं, वाळू टाकली, नारळाची किशी घेतली आणि बाह्या सरसावल्या. एग्बर्ट समोर उभे होते. त्यांनीही बाह्या सरसावल्या होत्या, पण हात मागे बांधले होते.

जोथमने दुसरी किशी त्यांच्यासमोर धरली.

एग्बर्टनी ती घेतली आणि दोघे दोन बाजूंनी पातेल्यात वाकले. थर जाड होता. काही वेळ फक्त घासण्याचा आवाज होता, आणि हॉलमधल्या ढोलाचा.

"काय झालं आत?" एग्बर्टनी पातेल्यातूनच विचारलं. "मला कोणी नीट सांगत नाही. विचारलं की म्हणतात, छान झालं."

जोथमने घासणं थांबवलं. मग खोकं पुढे ओढलं आणि त्यावर बसला.

"आधी काय झालं," तो म्हणाला, "तिने माझा दंड धरला, तर तिचा हात थंडगार. एवढ्या उन्हात. आणि तुमच्या पोराच्या हातून अंगठी बोटात जाईना. या पेरापाशी अडकली. घामाने सगळं चिकट. त्याने लोटली, जाईना. रेव्हरंड वर बघायला लागले. तर हिने काय करावं? बोट तोंडात घातलं, सगळ्या चर्चसमोर, ओलं केलं आणि स्वतःच अंगठी सरकवली. आणि त्याच्याकडे बघून अशी हसली. तुम्ही जरा इकडे व्हा, तुम्हाला दिसणार नाही तिथून. मी तो, आणि तुम्ही ती. हात द्या."

एग्बर्टनी काळा झालेला हात पँटला पुसला आणि पुढे केला.